शिकागोला नेण्यासाठी लोणचं, आमरसाचे डबे, कोकम आगळ: बॅगेत भरायचं कसं?

खाऊचीपेटी

आई-बाबा पुढच्या महिन्यात मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे शिकागोला येणार आहेत. प्रत्येकाला २३-२३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे एकूण चार, शिवाय हातसामान. यादी अशी आहे: तेलातलं कैरीचं लोणचं (घरचं) २ किलो, लिंबाचं गोड लोणचं १ किलो, हापूस रसाचे ८५० ग्रॅमचे ६ डबे, कोकम आगळ १-१ लिटरच्या २ बाटल्या, आमसुलं अर्धा किलो, साजूक तूप १ किलो, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा, सुक्या खोबऱ्याच्या ४ वाट्या, थोडे सुके बोंबील.

प्रश्न:
१. लोणच्याला काचेची बरणी बरी, प्लास्टिकची की पाऊच?
२. आमरसाचे डबे वर गेल्यावर फुगतात किंवा फुटतात का?
३. आगळाची बाटली हमखास गळते असं सगळेच सांगतात. उपाय काय?
४. कस्टम्सला काय सांगायचं? घरचे पदार्थ म्हणून काढून घेतात का?

---

घट्टझाकण

लोणच्यापासून सुरुवात करतो, कारण बॅगेतले निम्मे अपघात तिथेच होतात.

आधी गळतं का ते बघा. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा राखतात. सामान ठेवायच्या पोटातही तेवढाच. म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या पाऊणपट. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म होतं, तोच प्रकार, फक्त जास्त. बरणीत लोणच्यावर ५० मिलि हवा राहिली असेल तर ती वर गेल्यावर ६५ मिलिच्या आसपास व्हायला बघते. काच फुगत नाही, म्हणून हवा झाकणाच्या आट्यांतून वाट काढते. बरणी त्या वेळी आडवी असेल, आणि बॅगेत ती आडवीच असते, तर हवेच्या आधी तेल बाहेर येतं. झाकण कितीही आवळलं तरी आतली हवा जात नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. झाकण आवळण्याआधी हवा काढायची असते.

म्हणून माझा क्रम: पाऊच पहिला, जाड प्लास्टिकची बरणी दुसरी, काच शेवटची. पाऊचमधली हवा दाबून काढता येते, आणि थोडी राहिलीच तर पाऊच फुगतो, गळत नाही.

पाऊच कोणता? दुकानात लोणच्यासाठी येतात तसे जाड, दोन-तीन थरांचे, खाली उभे राहणारे. साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून वास आरपार येतो आणि तेलाने तिचा जोड सुटतो. भरण्याची रीत:

– पाऊचचं तोंड बाहेरच्या बाजूला दोन-तीन इंच दुमडून घ्या, शर्टाची बाही दुमडतो तसं. मग डावाने भरा. भरून झाल्यावर दुमड उलटी केली की आतली कड कोरडी, तेलाशिवाय मिळते. सील तिथेच मारायचं असतं. सीलच्या जागी तेलाचा एक थेंब असला तरी सील वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि दाबल्यावर उघडतं. बहुतेक पाऊच इथेच फसतात.
– दोन-तृतीयांशच भरा. ५०० ग्रॅमचे चार पाऊच करा, दोन किलोचा एक नको. एक फुटला तर नुकसान एकाचंच.
– टेबलाच्या कडेला धरून तळाकडून वर दाबत हवा काढा, लोणचं सीलच्या रेषेखाली दोन बोटं राहू द्या.
– सीलिंग मशीनने अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या अंतराने दोन सील मारा. घरी मशीन नसेल तर मसाल्याच्या गिरणीत किंवा घाऊक किराणा दुकानात मारून देतात.
– वर्तमानपत्रावर आडवा ठेवून वर चार-पाच किलोचं वजन (तांदळाचा डबा चालतो) रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर तो पाऊच बाद. पुन्हा सील करत बसू नका, नव्या पाऊचमध्ये भरा.

कैरीच्या लोणच्यात कोयीच्या कवचाचे तुकडे असतील तर ते पाऊचला आतून भोक पाडतात. अशा लोणच्याला एकात एक दोन पाऊच लावा किंवा ते सरळ बरणीत न्या.

आणि लोणचं ताजं नको. घालून आठवडाच झाला असेल तर फोडींना अजून पाणी सुटत असतं, कधी कधी आंबण्याचे बुडबुडेही येतात. त्या वायूपुढे कुठलंही सील टिकत नाही. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला किंवा कडेने बुडबुडे वर येताना दिसले तर तो घाणा घरीच ठेवा. लिंबाच्या गोड लोणच्यात हे जास्त होतं, कारण साखर कमी पडली की पाक आंबतो.

काचेची बरणी न्यायचीच असेल तर: लोणचं नेहमीच्या तापमानाला, फ्रिजमधून काढलेलं गार नको (गार भरलं की नंतर तेल प्रसरण पावून बाहेर येतं). काठोकाठ भरा, तोंडावर क्लिंग फिल्मचे दोन थर, मग झाकण. झाकण आणि गळा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा, तेलकट काचेवर टेप चिकटतच नाही. इलेक्ट्रिकल टेप ताणून, झाकण ज्या दिशेला आवळतं त्याच दिशेला गुंडाळा. उलट गुंडाळली तर टेपच्या ताणाने झाकण सैल होतं.

---

हवाईपिशवी

एवढा खटाटोप कशाला? लोणचं हातसामानात न्या, आपटत नाही, उलटं होत नाही.

---

घट्टझाकण

नाही चालणार. लोणचं, चटणी, आमरस, मुरांबा, तूप हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रव किंवा जेलमध्ये धरतात, आणि अशा वस्तूंना केबिनमध्ये १०० मिलिची मर्यादा आहे. मिरचीच्या लोणच्याला भारतातल्या विमानतळांवर हातसामानात एरवीही हरकत घेतात. मुंबईत सुटलंच, तरी फ्रँकफुर्टला विमान बदलताना हातसामान पुन्हा तपासतात. तिथे अर्धा किलोची बरणी टोपलीत जाऊ शकते. आमरसाच्या डब्याचंही तेच.

पावडरींनाही मर्यादा आहे. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिपेक्षा जास्त पावडर हातसामानात असली की वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती ठेवून घेतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी हे सगळं चेक-इनमध्ये टाका. हातात चकली आणि चिवडा द्या, त्यांना कोणी हरकत घेत नाही, आणि बॅगेत त्यांचा चुराच होतो.

---

डबाबंद

डब्यांबद्दल. हवाबंद डबा वर फुटत नाही. डबा भरताना रस गरम असतो, गार झाल्यावर आत थोडी निर्वात पोकळी तयार होते, म्हणून चांगल्या डब्याची दोन्ही टोकं किंचित आत गेलेली असतात. बाहेरचा दाब पाऊणपट झाला तरी आत-बाहेरचा फरक उलट कमीच होतो. त्यामुळे विमानात डबा फुगला तर दोष डब्याचा.

घेताना आणि भरताना दोन्ही वेळा तपासा: दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. टक्क आवाज करून टोक आत-बाहेर होत असेल, किंवा एक टोक दाबल्यावर दुसरं वर येत असेल, तर तो डबा नेऊ नका आणि खाऊही नका. गोल अंगावरचा उथळ पोचा चालतो. पण वरच्या-खालच्या दुहेरी काठावर किंवा उभ्या जोडावर पोचा असेल तर तो डबा बाजूला काढा, कारण तिथून केसाएवढी फट पडते आणि रस बाहेर येण्याआधी हवा आत जाते.

पोचे पडतात ते बॅग फेकल्यामुळे, आणि बॅग कोपऱ्यावर पडते. म्हणून डबे कोपऱ्यात किंवा बॅगेच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. प्रत्येक डब्याला जाड मोजा चढवा, मग बॅगेच्या मध्यभागी, चाकांच्या बाजूला, चारही बाजूंनी किमान दोन इंच कपडे. कडी ओढून उघडायचे डबे असतील तर कडीची बाजू एकमेकांकडे तोंड करून, मध्ये घडी घातलेला टॉवेल. त्या झाकणाला मुद्दाम कमजोर रेघ कोरलेली असते, तिच्यावर दुसऱ्या डब्याचा काठ आपटला की ती फुटते.

वजनाचं गणित चुकवू नका. ८५० ग्रॅम हे आतल्या रसाचं वजन, पत्र्यासकट डबा किलोच्या आसपास जातो. सहा डबे म्हणजे जवळजवळ ६ किलो. चार बॅगांत १-२ असे वाटा. सहाही डबे एका ठिकाणी ठेवले तर एक्स-रेमध्ये मोठा काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. उघडली तर तपासणारा माणूस तुमच्यासारखं परत भरणार नाही, हे धरूनच चाला. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे गळतीविरोधी असायला हवी, शेजारच्या कपड्यांच्या भरवशावर नको.

एक उपयोगी गोष्ट: ताजा हापूस न्यायचा मोह आवरा. अमेरिकेने भारतीय आंबा २००७ पासून घेतला आहे, पण तो विकिरण केलेला (किरणांचा मारा करून कीड निकामी केलेला), व्यापारी मार्गाने आलेला. प्रवाशाच्या बॅगेतला आंबा काढून घेतात. डब्यातल्या रसाला ही अडचण नाही.

---

सोलकढी

आगळ नेऊ नका, आमसुलं न्या! ती तशीही यादीत आहेत. २०-२५ आमसुलं दोन वाट्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून कुस्करली की चार-पाच जणांच्या सोलकढीपुरतं पाणी मिळतं. दोन लिटर आगळाचं वजन दोन किलोच्या वर जातं, त्याऐवजी अर्धा किलो आमसुलं आणखी घ्या.

तरीही न्यायचंच असेल तर काच आणि धातूचं झाकण दोन्ही टाळा. आगळ म्हणजे आम्ल आणि मीठ. पत्र्याच्या झाकणाचा आतला थर जिथे खरवडला असेल तिथून ते झाकण खातं, काळपट होतं, आणि मग गळतं. सोडा किंवा कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या, पाण्याची नको. कोल्ड्रिंकची बाटली आणि तिचं झाकण आतला दाब पेलायला बनवलेलं असतं, पाण्याच्या बाटलीचं पातळ झाकण थोड्या दाबानेच झिरपायला लागतं. बाटली धुऊन पूर्ण कोरडी करा, पाण्याचा अंश राहिला तर मीठ पातळ होऊन बुरशी धरते. आगळ गळ्याच्या थोडं खाली भरा, मग बाटली पोटावर दाबून आगळ थेट तोंडापर्यंत आणा आणि त्याच अवस्थेत झाकण लावा. बाटली किंचित चेपलेली दिसेल. वर गेल्यावर हवेला फुगायला तेवढी जागा मिळते. टेप, मग दोन झिप पिशव्या, मध्ये टिश्यू.

आणि ही बाटली पांढऱ्या कपड्यांच्या बॅगेत नको. कोकमाचा डाग हट्टी असतो.

---

हिरवामार्ग

कस्टम्सबद्दल सगळ्यात आधी: सगळं सांगा. अमेरिकेत खाद्यपदार्थ न सांगता नेले तर १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सांगितलेली वस्तू नियमात बसत नसेल तर ती काढून घेतात, एवढंच. पदार्थ बाळगल्याचा नाही, लपवल्याचा दंड असतो. कागदी फॉर्म सगळीकडे देत नाहीत, अधिकारी तोंडी विचारतो. 'फूड?' असं विचारलं की 'येस' म्हणायचं आणि यादी दाखवायची. आई-बाबांना इंग्रजी बोलण्याचा संकोच असेल तर इंग्रजीत छापलेली यादी पासपोर्टसोबत द्या: पदार्थाचं नाव, कशापासून केला, किती, घरचा की दुकानाचा. गोडा मसाला हे नाव तिथे कुणाला कळणार नाही, 'भाजून कुटलेले मसाले' असं समजेल तसं लिहा. प्रत्येक पाकिटावरही तशीच चिठ्ठी, कारण नावाशिवाय तपकिरी पावडरची पिशवी बघितली की कुठलाही माणूस थांबणारच.

तुमच्या यादीवर नजर टाकतो.

लोणचं, आमरस, आमसुलं, मसाले, मेतकूट, भाजणी, फराळ: सांगा आणि न्या. दुकानाचं लेबल असलेलं पाकीट झटपट सुटतं, घरच्याला दोन प्रश्न जास्त पडतात.

तूप: नेऊ नका. भारतात लाळ्या-खुरकूत रोग आहे, त्यामुळे इथल्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेत निर्बंध आहेत. पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्याही टाळा. शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर भारतीय किराण्याची रांगच आहे, तिथे तूप मिळतं, त्यासाठी एक किलो वजन घालवू नका.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या: काढून टाका. सुकं खोबरं विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडतं. तेलाचं प्रमाण इतकं असतं की बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. भारतात चेक-इन बॅगेत एक्स-रेला वाट्या दिसल्या की बॅग मागे बोलावतात.

बोंबील: मासे वैयक्तिक वापरापुरते चालतात, सांगायचं. मटण, चिकन, त्यांचं लोणचं, त्यांचा अंश असलेलं काहीही नको.

यादीत नाही, पण शेवटच्या क्षणी कुणीतरी बॅगेत कोंबतं म्हणून सांगतो: ताजा कढीपत्ता नको (संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावर असते). आंबेमोहोर किंवा कुठलाही तांदूळ नको, हरभरे नको. धान्यातल्या खापरा भुंगेऱ्यामुळे भारतातून हे दोन्ही प्रवाशाच्या बॅगेत बंद आहेत.

---

खाऊचीपेटी

खूप आभार. खोबऱ्याचं अजिबात माहीत नव्हतं, काढून टाकते. तूपही.

दोन उपप्रश्न. भाजणी आणि मेतकूट व्हॅक्यूम करून घेऊ का? आणि हाच फराळ दिवाळीत दुबईतल्या भावाला आणि मेलबर्नच्या मावशीला पाठवायचा आहे, तिथले नियम असेच आहेत का?

---

घट्टझाकण

भाजणी, मेतकूट, मसाला व्हॅक्यूम करायला हरकत नाही, विटेसारखे घट्ट बसतात आणि जागा वाचते. मात्र भाजणी दळून आल्यावर परातीत पसरून चार-पाच तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट पीठ बंद केलं की वाफ आतच राहते, आठवड्यात गुठळ्या आणि कुबट वास. चकली-चिवडा व्हॅक्यूम करू नका, बाहेरच्या दाबाने चकलीचा भुगा होतो. चकली कडक डब्यात, थरांच्या मध्ये टिश्यू, डबा हलवल्यावर आवाज येत नाही इतका भरलेला.

ओल्या पदार्थांना व्हॅक्यूम म्हणजे फ्रिज असं समजू नका. तेलात ओला लसूण घातलेली चटणी, पुरणपोळी, भाजी असं काही हवा काढून खोलीच्या तापमानाला ठेवलं तर बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू नेमका तिथेच वाढतो, त्याला हवा नसलेली जागाच लागते. वासावरून कळतही नाही. लसूण चटणी न्यायची तर सुक्या लसणाची, कोरडी. गोडात पुरणपोळीऐवजी गुळपोळी.

---

हिरवामार्ग

दुबईचे नियम अगदी वेगळे आहेत. तिथे खसखस अमली पदार्थात मोडते आणि त्यात तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. खसखशीची पुडी कुणी नेत नाही, पण ती फराळात लपलेली असते: अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवांत, आणि बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यात. चार दाणेही नको. भावासाठी अनारसे-करंज्या करायच्या तर खसखशीऐवजी तीळ वापरा, आणि तोच पाटा, तीच परात आधी खसखशीला वापरली असेल तर धुऊन घ्या. विकतचा गोडा मसाला असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. सिंगापुरातही खसखस परवानगीशिवाय नेता येत नाही.

मेलबर्नला खापरा भुंगेऱ्यामुळे बंद असलेल्या मालाची यादी अमेरिकेपेक्षा कितीतरी लांब आहे. तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, अख्खे धणे, अख्खं जिरं, बडीशेप, सुक्या मिरच्या, सगळं प्रवाशाच्या बॅगेत बंद. म्हणजे सांडगी मिरचीही घरीच राहते. तळलेल्या किंवा भाजलेल्या, कंपनीत तयार होऊन पॅक झालेल्या मालाला यातून सूट आहे, म्हणून मावशीला दुकानातून सीलबंद फराळ पाठवा, घरचा नको. विमानात मिळणाऱ्या कार्डावर अन्नाच्या प्रश्नाला 'येस' वर खूण करायची, एक चॉकलेट असलं तरी.

आणि पुढेमागे लंडनला कुणी जाणार असेल तर तिथे भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद आहेत, तूप-पेढ्यांसकट. सुके मासे मात्र चालतात.

---

डबाबंद

बोंबलांचं राहिलंच. भरण्याआधी कडक उन्हात एक दिवस किंवा मंद तव्यावर पाच मिनिटं कोरडे करा, डोकी आणि शेपट्या काढा. टोकं पिशवीला भोकं पाडतात आणि वास तिथूनच सुटतो. मग ब्राऊन पेपर, त्यावर फॉइलचा पाऊच डबल सील, मग घट्ट झाकणाचा डबा. हिंग असेल तर त्यालाही हाच थाट, आणि दोन्ही एकाच बॅगेत टाका म्हणजे उरलेल्या तीन बॅगा तरी वाचतील.

बॅगा बंद करण्याआधी हाताच्या काट्यावर वजन करा आणि २२ किलोवर थांबा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं अर्ध्या किलोपर्यंत पटत नाही, आणि काउंटरसमोर बॅग उघडून लोणच्याचा पाऊच कुठे कोंबायचा हे ठरवायला वेळ नसतो.